सबसिडी बंद झाली म्हणण्याआधी या चुका टाळा

गॅसचा भाव कितीही वाढो, उज्ज्वला योजनेच्या बाईला १४.२ किलोच्या सिलेंडरवर २०२५-२६ साठी ३०० रुपये ठरलेत, पण आधी पूर्ण पैसे मोजायचे न् सबसिडी नंतर खात्यात. कोणत्या खात्यात, हेच कोणी बघत नाही आणि थेट एजन्सीत जाऊन भांडतात.

आमच्या गावच्या एक काकू, कापूस वेचायला जातात, वर्षभर सांगत होत्या की सबसिडी बंद झाली, आणि शेवटी सिलेंडर कोपऱ्यात ठेवून परत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, सैंपाक सुरू केला. धूर, खोकला सगळं परत आलं. मी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, पाहिलं तर तिथं भलत्याच बँकेचं नाव! कधीतरी सिम घेताना दुकानदारानं दोन-तीनदा अंगठा लावायला सांगितला, त्यातच खातं उघडलं होतं. पैसे त्या खात्यात जातात ज्याला आधार सगळ्यात शेवटी लागलं, पासबुक कोणतं हातात आहे त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. काकूंचे सगळे पैसे तिथंच पडून होते, सेतूवर अंगठा लावून काढले, मग गावच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरला. म्हणून माझ्याकडं कोणी आलं की मी आधी स्टेटसच बघतो, बाकी कागद नंतर.

अंगठा कशासाठी घेताय हे विचारल्याशिवाय लावायचाच नाही. "दोन मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्या पोरांचा मला फार राग येतो, त्यांची घाई होते न् गरिबाचं वर्ष जातं.

केवायसी राहिली असेल तर करून घ्या. वेचणीनं बोटं झिजलेली असतात, अंगठा उमटत नाही, तेव्हा कंपनीच्या ॲपवर चेहऱ्यानं होते. उमटला नाही म्हणून घरी परत येऊ नका.

मोबाईल नंबर जुना ठेवू नका, डिलिव्हरीचा कोड त्यावरच येतो.

एकदम पूर्ण पैसे जमत नसतील तर गॅसच सोडून देऊ नका बाप्पा. उज्ज्वलात ५ किलोचं सिलेंडर मिळतं, त्यालाही वजनाच्या हिशोबानं सबसिडी आहे, पण हे कोणी सांगतच नाही. एजन्सीत नाव घेऊन मागा, नाही म्हटलं तर लेखी मागा.

आणि सबसिडीच्या सिलेंडरला वर्षाची मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ती ९ केली, तेव्हा आपल्या नावावर शेजाऱ्याला सिलेंडर काढून देऊ नका.