रत्नागिरीच्या उकाड्यात शांत कॅबिनेट

घरी जुळवलेला पीसी माजघरात ठेवायचा होता आणि आई दुपारी तिथंच आडवी होते. त्यामुळे आवाज चालणार नव्हता. कॅबिनेटबद्दल, म्हणजे पीसीचे भाग ज्यात बसतात त्या पत्र्याच्या डब्याबद्दल, दुकानदार म्हणाला, "बंद दरवाजाचं, आतून फोम लावलेलं घ्या." पण आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते. पुढून हवा कोंडली की पंखे जोरात फिरतात, मग फोमचा उपयोग काय? शिवाय फोम बारीक, तीक्ष्ण आवाज शोषतो. हार्ड डिस्कच्या घरघरीला तो पुरत नाही.

म्हणून पुढे जाळी असलेलं, १४० मिमीचे पंखे बसतील असं कॅबिनेट घेतलं. १२० मिमीच्या पंख्याइतकीच हवा मोठा पंखा कमी फेऱ्यांत ओढतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्यांचा वेग मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास बांधला. प्रोसेसर ६० अंशांपलीकडे गेला तरच वाढतो.

घरघर मात्र राहिली. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला की बंद, उचलला की सुरू. म्हणजे डिस्कची थरथर पत्र्यात उतरत होती. स्क्रूंना रबरी वॉशर घातले, बेताने आवळले. काम झालं.

आणि हो, खारी हवा! पत्र्याच्या कापलेल्या कडा रंगाविना असतील तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. दुकानातच आतून टॉर्च मारून बघा. धुळीची जाळी काढून धुता येते का, तेही. ती तुंबली की पंखे पुन्हा बोंबलायला लागतात.