एनबीएच्या सामन्याआधी दोन संघांचे आकडे कसे ताडायचे

पानठेल्यावर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, विषय निघाला की दोनच आकडे पुढे येतात: कोणी किती सामने जिंकले, आणि कोण सरासरी किती गुण करतं. दोन्ही आकडे खरे असतात, पण तुलनेला कच्चे असतात.

कास्तकाराला हे लगेच कळेल. एकाच्या घरी ६० क्विंटल कापूस आला, दुसऱ्याच्या घरी ४५. पहिल्याचं वावर ८ एकर, दुसऱ्याचं ५. एकरी उतारा काढला तर पहिल्याला साडेसात पडतो, दुसऱ्याला ९. चांगली शेती कोणाची, हे एकूण क्विंटलावरून कोणी ठरवत नाही. बास्केटबॉलमध्ये एकराच्या जागी ताबा धरायचा. चेंडू हातात आल्यापासून तो दुसऱ्या संघाकडे जाईपर्यंतचा डाव म्हणजे एक ताबा. शॉट हुकला आणि उसळून आलेला चेंडू (रिबाउंड) आपणच घेतला, तर तोच ताबा पुढे चालू राहतो. काही संघ पळापळीचा खेळ खेळतात, त्यांना सामन्यात ताबे जास्त मिळतात, म्हणून गुणही जास्त दिसतात आणि खाल्लेले गुणही. त्यामुळे सगळी तुलना १०० ताब्यांमागे करायची.

ताबे मोजायचं सूत्र असं:

ताबे = फील्ड गोलचे प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रोचे प्रयत्न − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर

फील्ड गोल म्हणजे खेळ चालू असताना मारलेला शॉट, फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट, आक्रमक रिबाउंड म्हणजे आपल्याच हुकलेल्या शॉटचा चेंडू परत घेणं, टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच चेंडू गमावणं. ०.४४ का? दोन फ्री थ्रो म्हणजे एक ताबा असं धरलं तर ०.५ यायला हवं. पण बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो, तीन गुणांच्या शॉटवरच्या फाउलचे तीन फ्री थ्रो आणि टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो, यांचा हिशेब तसा बसत नाही. म्हणून आकडा थोडा खाली येतो.

आता दोन संघ घेऊ, आकडे समजण्यापुरते मानलेले. ‘अ’ संघ सामन्यामागे ११७ गुण करतो, ११५ खातो. त्याचे प्रयत्न ९०, फ्री थ्रो २२, आक्रमक रिबाउंड ११, टर्नओव्हर १४. ताबे झाले ९० + ९.७ − ११ + १४, म्हणजे १०२.७. ‘ब’ संघ ११४.५ गुण करतो, ११० खातो. प्रयत्न ८६, फ्री थ्रो २४, आक्रमक रिबाउंड १०, टर्नओव्हर १३. ताबे ९९.६. दर १०० ताब्यांमागे ‘अ’ ११३.९ गुण करतो, ‘ब’ ११५. नुसती सरासरी पाहून ‘अ’चं आक्रमण भारी वाटत होतं, ते इथे उलटलं. बचावात ‘अ’ १०० ताब्यांमागे ११२ खातो, ‘ब’ ११०.५. म्हणजे ‘अ’ची निव्वळ बाकी +१.९, ‘ब’ची +४.५.

हे दरवेळी हाताने काढायची गरज नाही. एनबीएच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि ‘बास्केटबॉल रेफरन्स’वर ऑफेन्सिव्ह रेटिंग (१०० ताब्यांमागे केलेले गुण), डिफेन्सिव्ह रेटिंग (खाल्लेले गुण), नेट रेटिंग (निव्वळ बाकी) आणि पेस (सामन्यामागचे ताबे) तयार मिळतात. दोन ठिकाणचे आकडे दशांशात जुळत नाहीत, कारण ताबे मोजायची पद्धत थोडी वेगळी असते. एक संघ एका ठिकाणाहून आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणाहून घेऊ नका. तरी एकदा तरी हाताने काढून पाहाच. आकडा कुठून येतो हे कळल्याशिवाय तो कुठे फसवतो ते कळत नाही.

पुढचं काम दोघांना समोरासमोर बसवायचं. त्यासाठी लीगची सरासरी लागते. इथे ती १०० ताब्यांमागे ११४ गुण आणि सामन्यामागे १०० ताबे अशी धरू. ‘अ’चं आक्रमण सरासरीपेक्षा ०.१ कमी, ‘ब’चा बचाव सरासरीपेक्षा ३.५ कमी गुण देतो. ११४ − ०.१ − ३.५ = ११०.४, हा ‘अ’चा अपेक्षित आकडा. ‘ब’चं आक्रमण १ ने जास्त, ‘अ’चा बचाव २ ने कमी देतो: ११४ + १ − २ = ११३. ताबे किती होतील? १०२.७ + ९९.६ − १०० = १०२.३. दोन्ही आकडे १.०२३ ने गुणले की ‘अ’ ११२.९, ‘ब’ ११५.६. ‘ब’ २.७ गुणांनी पुढे, दोघांची बेरीज २२८.५.

आता यात घरचं मैदान धरायचं. त्याची किंमत अलीकडच्या काळात साधारण अडीच गुण, पूर्वी ती तीनच्या वर होती. सामना ‘अ’च्या घरी असेल तर ‘ब’ची आघाडी उरली ०.२. म्हणजे बरोबरीच. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि सॉल्ट लेक सिटी साधारण ४,२०० फुटांवर; आदल्या रात्री दुसरीकडे खेळून तिथे उतरलेल्या संघाला शेवटच्या क्वार्टरमध्ये दम लागतो. तिथे अर्धा-एक गुण जास्त धरायला हरकत नाही. लागोपाठच्या दोन रात्रींतला दुसरा सामना असेल तर त्या संघाचा एक ते दीड गुण वजा करा. दोन्ही संघ थकलेले असतील तर काहीच वजा करू नका. ही चूक फार होते, कारण वेळापत्रक आपण ज्याचा विचार करतो त्याच संघाचं पाहतो.

खेळाडू कोण नाही, हा सगळ्यात मोठा बदल. लीग दुखापतींची यादी आदल्या दिवसापासून काढते आणि ती सामना सुरू होईपर्यंत बदलत राहते. ‘आउट’ म्हणजे नक्की नाही. ‘डाउटफुल’ बहुतेक खेळत नाही, ‘क्वेश्चनेबल’ अर्धा-अर्धा, ‘प्रोबेबल’ बहुतेक खेळतो. लीगमधला पहिल्या पाच-सहांतला खेळाडू बसला तर चार ते सहा गुण जातात, सुरुवातीच्या पाचांतल्या साध्या खेळाडूचे (स्टार्टर) एक ते दोन, बेंचवरच्या (बदली) आठव्या-नवव्याचे जवळपास काहीच नाही. पण थांबा. तो खेळाडू ४० पैकी २० सामने आधीच बसलेला असेल, तर संघाच्या आकड्यांत त्याची गैरहजेरी अर्धी मुरलेलीच आहे. मग पाच नाही, अडीचच वजा करायचे. उलटही तसंच: महिनाभराने परत आलेल्या खेळाडूमुळे संघ आपल्या आकड्यांपेक्षा चांगला असतो.

इथे घड्याळाची गोष्ट येते. अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. त्या हिवाळ्याच्या काळात न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे पहाटे ५.३० ला, लॉस एंजेलिसचा ७.३० चा सकाळी ९ ला. बाकीच्या दिवसांत एक तास आधी. खेळणाऱ्यांचं चित्र सामन्याच्या अर्धा तास आधी स्पष्ट होतं, म्हणजे पहाटे ५ ला. रात्री ९ ला वहीत आकडा लिहून झोपलात आणि पहाटेची यादी पाहिलीच नाही, तर मेहनत वाया. रातच्या लाईनीवर हरभऱ्याला ओलीत करणारे तसेही जागे असतात. धुऱ्यावर नेटवर्क मिळालं तर ती यादी पाहायला दोन मिनिटं पुरतात. गावात नेट अडकत चालत असेल तर आकड्यांची जड पानं रात्रीच उतरवून घ्या, पहाटे फक्त यादी पाहा.

दोन संघांतला फरक का आहे, हे समजायला चार गोष्टी पाहतात: शॉटची अचूकता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड, आणि फ्री थ्रो. डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने त्यांना साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिलं. अचूकता साध्या टक्केवारीने पाहू नका. तीन गुणांचा बास्केट दीडपट धरायचा: (सगळे बास्केट + अर्धे तीन-गुणी बास्केट) ÷ प्रयत्न. ८६ प्रयत्नांत ४१ बास्केट, त्यातले १३ तीन गुणांचे, तर (४१ + ६.५) ÷ ८६ = ५५.२ टक्के. साधी टक्केवारी ४७.७ दाखवते. रिबाउंडची एकूण संख्याही अशीच फसवी. समोरचा संघ जास्त हुकला की रिबाउंड आपोआप वाढतात. पाहायचं ते हे, की आपले हुकलेले शॉट आपण किती टक्के परत मिळवले: आपले आक्रमक रिबाउंड ÷ (आपले आक्रमक + त्यांचे बचावातले). या चार गोष्टी नेट रेटिंगमध्ये आधीच आलेल्या आहेत, म्हणून त्यांचे गुण वेगळे जोडायचे नाहीत. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आता सगळ्यात जास्त फसवणारा आकडा, तीन गुणांचा शॉट. एक संघ सामन्यात ३५ वेळा तीन गुणांचा प्रयत्न करतो आणि त्याची खरी अचूकता ३६ टक्के आहे असं धरा. सरासरी १२.६ बास्केट होतील. पण नुसत्या योगायोगाने हा आकडा सहज ३ ने इकडेतिकडे होतो, १० किंवा १५. तीन बास्केट म्हणजे ९ गुण. संघाचा खेळ तोच, मेहनत तीच, आणि ९ गुणांचा फरक. म्हणून ‘गेले पाच सामने सलग जिंकले’ यावर जाऊ नका. त्या पाच सामन्यांत त्यांनी तिनाचे किती टक्के घातले आणि समोरच्यांचे किती हुकले ते उघडून पाहा. समोरचे मोकळे शॉट हुकले त्याचं श्रेय बचावाला फार थोडं जातं, आणि ते पुढच्या आठवड्यात टिकत नाही. टर्नओव्हर आणि शॉटचे प्रयत्न किती व कुठून, हे मात्र बऱ्यापैकी टिकतं.

हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. पहिल्या १५-२० सामन्यांपर्यंत नेट रेटिंग निम्मं करून वापरा. +८ दिसलं तर +४ धरा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उलट अडचण असते: प्लेऑफची (पुढच्या बाद फेरीची) जागा पक्की झालेले संघ मुख्य खेळाडूंना बसवतात, तळाचे संघ ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) आधीचा क्रमांक मिळेल या आशेने तरुणांना खेळवतात. त्या दिवसांत अख्ख्या हंगामाच्या ८२ सामन्यांचा आकडा जवळजवळ निरुपयोगी. ३० गुणांनी निकाल लागलेल्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर बेंचच खेळतं, तोही आकड्यांत घुसतो. ओव्हरटाइमची ५ मिनिटं एकूण गुण फुगवतात. आणि युरोपातल्या लीगचे किंवा आपल्याकडच्या स्पर्धांचे आकडे एनबीएशी लावू नका. तिथला सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ चा, शिवाय एनबीएची तीन गुणांची रेषा ७.२४ मीटरवर आहे, बाकीकडे ६.७५.

फरक निघाला की त्याचं शक्यतेत रूपांतर करायचं. प्रत्यक्ष निकाल अंदाजाभोवती साधारण १२ गुणांनी हलतो. त्या हिशेबाने १ गुणाची आघाडी म्हणजे ५३ टक्के, ३ म्हणजे ६०, ५ म्हणजे ६६, ८ म्हणजे ७५, १२ म्हणजे ८४. पाच गुणांनी सरस असलेला संघही तीनपैकी एक सामना हरतो, आणि त्यात कोणाचं काही चुकलेलं नसतं.

सट्ट्याच्या भावाशी हे ताडून पाहायचं असेल तर भाव उलटा करा. दोन्ही बाजूंना १.९१ भाव (रुपया लावून जिंकलं तर मुद्दलासकट १.९१ परत) म्हणजे १०० ÷ १.९१ = ५२.४ टक्के, दोघांचे मिळून १०४.७. वरचे ४.७ बुकीचे. शंभर रुपयांचे शंभर डाव लावले आणि निम्मे जिंकले, तर ४,५५० आले आणि ५,००० गेले. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात ५२-५३ बरोबर यावे लागतात, आणि तो भाव ठरवणाऱ्याने वरचं सगळं गणित आणि पहाटेची यादी आपल्याआधी पाहिलेली असते. पैसे लावण्याबाबत आमचं स्पष्ट मत आहे: लावू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला, त्यांची जाहिरात करायला आणि त्यांचे पैसे फिरवायला बंदी आहे. गावात सट्ट्याची जी ‘आयडी’ (ऑनलाइन खातं) मिळते किंवा जी खायवाडी-लगवाडी (सट्टा घेणं-लावणं) चालते, तिच्यात जिंकलेला पैसा बुडाला तर कोर्टातही मागता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करारच रद्दबातल धरतं. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे या वाटेने गेले की परत यायची वाट नाही.

वहीवर अंदाज बांधायला मात्र कोणाची ना नाही, आणि कौशल्य तिथेच कळतं. दोनशे पानी वहीत एका सामन्याला एक ओळ. रकाने असे: तारीख, संघ, नेट रेटिंगचा फरक, घर, थकवा, गैरहजर, अंतिम आकडा, टक्के, निकाल. टक्के सामन्याआधी शाईने लिहा, पेन्सिलने नको. चार-पाच जण मिळून करत असाल तर प्रत्येकाने आपला आकडा लिहून मगच दुसऱ्याचा पाहावा, नाहीतर जोरात बोलणाऱ्याकडे सगळे झुकतात.

गुण द्यायची रीत सोपी आहे. ६० टक्के म्हटलं आणि तो संघ जिंकला, तर ०.४ चा वर्ग, ०.१६. हरला तर ०.६ चा वर्ग, ०.३६. सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. जितकी कमी तितकं चांगलं. दरवेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. साठेक सामन्यांनंतर तुमची सरासरी ०.२५ च्या वर असेल तर बहुधा तुम्ही ८०-९० टक्के फार वेळा लिहिता आहात. मोठ्या टक्क्यांच्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यातले खरेच किती आले ते मोजा. ०.२५ च्या आसपास घुटमळत असेल तर गैरहजर खेळाडूंचा रकाना तपासा. पहाटेची यादी न पाहता लिहिलेल्या ओळी बहुतेक तिथेच सापडतात.