एपिस्कोपल चर्चचे वसंतातले सेल आणि मेळे: मदतीला जाताना या चुका टाळा

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या गावागावांत एपिस्कोपल चर्चच्या हिरवळीवर फलक लागायला सुरुवात होते. रमेज सेल (जुन्या-वापरलेल्या सामानाची विक्री), प्लँट सेल, बेक सेल, सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहायचा लिलाव). कुठे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड पँट्रीसाठी, कुठे गळक्या छपरासाठी, कुठे तरुणांच्या सेवासहलीसाठी पैसे जमवायचे असतात. दार सगळ्यांना उघडं असतं आणि आपली मराठी मंडळीही बऱ्यापैकी जातात. कोणाला शेजारणीने बोलावलेलं असतं, कोणाची मुलं तिथल्या स्काउट ट्रूपमध्ये असतात, तर कुठे मराठी मंडळाने त्याच चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला असतो. जाऊन गंमत बघून येणाऱ्याचं फारसं काही चुकत नाही. घोळ होतो तो मदत करणाऱ्यांचा, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: मदत चांगल्या मनाने केलेली असते, पण न विचारता.

आधी घरातल्या धाकधुकीचं बोलू. 'चर्चमध्ये कशाला?' हा प्रश्न भारतातून आलेले सासू-सासरे हमखास विचारतात. एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर ती इंग्लंडच्या चर्चपासून वेगळी झाली आणि 1789 मध्ये तिची घटना ठरली. पुण्याचं पंचहौद मिशन याच अँग्लिकन गोतावळ्यातलं. तिथे 1890 मध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आणि इतरांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं, नावं पेपरात छापून आली, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. आता पॅरिश हॉलमध्ये कॉफी घेतल्याने ना इथलं कोणी तुम्हाला बाप्तिस्म्याचं विचारतं, ना तिथलं कोणी वाळीत टाकतं. महाराष्ट्रातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळींना तर हे घरच्यासारखंच. 1970 साली स्थापन झालेलं ते चर्चही याच जागतिक अँग्लिकन परिवारात आहे.

तारीख न बघता बेत आखणं

इथलं वसंतातलं वेळापत्रक ईस्टरवर चालतं आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये तो कधीही येतो: 2026 मध्ये 5 एप्रिलला, 2027 मध्ये 28 मार्चला. त्याच्या 46 दिवस आधी राखेचा बुधवार, तिथून लेंट म्हणजे उपवासकाळ सुरू. पॅनकेक सपर असतो तो राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी, उपवासाआधी घरातली अंडी, दूध, लोणी संपवण्याच्या जुन्या रिवाजातून आलेला. 2027 मध्ये तो 9 फेब्रुवारीला पडतो. 'वसंतातला कार्यक्रम' म्हणून मार्चमध्ये शोधाल तर हुकलात. (शाकाहारी मंडळींनी जाण्याआधी विचारून घ्यावं. पॅनकेकच्या पिठात अंडं असतंच, आणि तवा सॉसेजबरोबर वाटून घेतलेला असतो.)

लेंटमध्ये मोठी धामधूम नसते. साधं सूप आणि ब्रेडचं जेवण, एखादं व्याख्यान, एवढंच. पाम संडेपासून ईस्टरपर्यंतचा आठवडा तर सेलसाठी मागूच नका. चर्च त्या दिवसांत उपासनेत आणि सजावटीत बुडालेलं असतं. सेल, बागेचे मेळे, सायकलींना आशीर्वाद असं सगळं ईस्टरनंतर पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतच्या 50 दिवसांत दाटीवाटीने येतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलचा फ्लॉवर मार्ट मे महिन्याच्या सुरुवातीला असतो, 1939 पासून. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइनमध्ये सायकलींना आशीर्वाद द्यायची प्रथा 1999 मध्ये सुरू झाली.

मराठी मंडळांची गफलत होते ती इथेच. 2026 चा पाडवा 19 मार्चला, ऐन लेंटमध्ये. तो गुरुवार, म्हणून कार्यक्रम शनिवारी ठेवायचा. कलाकार मिळाले नाहीत म्हणून आणखी आठवडाभर पुढे ढकलायचा. की आलाच पाम संडेचा आदला दिवस. हॉल मागण्याआधी चर्चचं कॅलेंडर उघडून बघा, कालनिर्णय नंतर.

रमेज सेलला 'घरात पडलंय ते' देऊन टाकणं

सामान घ्यायचे दिवस आणि तास ठरलेले असतात. रात्री दारात पेट्या ठेवून निघून गेलात आणि पाऊस आला, तर ते सगळं कचऱ्यात जातं, आणि तो उचलायचे पैसे चर्चला पडतात. गाद्या, जुने जाड टीव्ही, ज्ञानकोशाचे संच बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. बाळाच्या वस्तूंबद्दल जास्त सावध राहा: परत मागवलेलं, म्हणजे रिकॉल झालेलं उत्पादन विकणं 2008 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो चर्चच्या सेललाही लागू होतो. एक बाजू खाली सरकणारे पाळणे विकायला 2011 पासून बंदी आहे. कार सीटला मुदत असते, आणि ती अपघातातून गेलीय का हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून ती नाहीच.

आपल्या घरातून हमखास निघणारी वस्तू म्हणजे भारतातून आणलेला 220 व्होल्टचा मिक्सर. इथे 120 व्होल्टवर तो धड फिरत नाही, आणि हे घेणाऱ्याला माहीत नसतं. तो देऊच नका. रिंग आणि शिटी जागेवर नसलेला कुकरही नको. साड्या मात्र द्या. नेसायला नव्हे, पण पडदे-उशांसाठी कापड शोधणाऱ्या बायका त्यांवर तुटून पडतात. फक्त घडी घालून, 'सिल्क' की 'सिंथेटिक' आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी टाचून द्या.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी एकच. पहिल्या तासात घासाघीस करू नका. टेबलामागे उभ्या आजी स्वयंसेवक आहेत आणि त्यांनी तो भाव वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चच्या निवडून दिलेल्या कारभारी मंडळाच्या, सांगण्यावरून लावलाय. शेवटच्या तासाला पुष्कळ ठिकाणी 'पिशवीभर सामान ठरावीक डॉलरला' असं होतं. स्वस्तच हवं असेल तर तेव्हा जा.

बेक सेलला लाडू, पण चिठ्ठीशिवाय

आपला पदार्थ टेबलावर सर्वांत आधी संपावा असं वाटणं साहजिक आहे. पण दाण्याचं कूट, तीळ, काजू आपल्या हातात इतके बसलेले असतात की ते 'घटक' आहेत हेच लक्षात येत नाही. अमेरिकेत ज्या 9 ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद कायद्याने पॅकबंद मालावर लागते, त्यांत शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, गहू आहेतच. 1 जानेवारी 2023 पासून तीळही आले. घरगुती बेक सेलला तो कायदा तसाच्या तसा लागू नसला, तरी चर्च घटकांची यादी मागतं आणि मागायलाच हवी.

एक उदाहरण बघा. भाजणीची चकली, 'ग्लूटेन-फ्री' म्हणून टेबलावर. भाजणीत तांदूळ, डाळी, धणे, जिरे; गहू कुठेच नाही. पण हिंग? बाजारातल्या पुष्कळ डब्यांतला बांधानी हिंग गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. वर तीळ. म्हणजे ज्यांच्यासाठी ती चकली खास ठेवली, त्यांनाच ती बाधणार. हिंगाचा डबा उलटा करून वाचा, मगच चिठ्ठी लिहा. आणि त्याच पोळपाटावर दाण्याची पोळी लाटली असेल तर तेही लिहा.

श्रीखंड, खरवस, उकडीचे मोदक हे बेक सेलचे पदार्थ नव्हेत. थंड ठेवावं लागणारं काहीही उन्हातल्या टेबलावर चालत नाही आणि बऱ्याच राज्यांचे नियम अशा पदार्थांना परवानगी देत नाहीत. शंकरपाळी, नानकटाई, बेसनाचे लाडू (चिठ्ठीवर दूध आणि काजू लिहून) निर्धास्त द्या. घरगुती बेकिंग विकण्याच्या बाबतीत न्यू जर्सी बराच काळ सर्वांत कडक होतं. तिथे तो धंदा करायला मुभा मिळाली ती 2021 मध्ये, सगळ्या राज्यांच्या शेवटी. त्यामुळे तिथली चर्चं अजूनही याबाबत जरा जास्तच काटेकोर असतात. त्यांना दोष देऊ नका.

प्लँट सेलला कडिपत्ता

हा मुद्दा लांबवतो, कारण यातलं नुकसान एका टेबलापुरतं राहत नाही.

कडिपत्ता लिंबाच्या कुळातला. त्यावर सिट्रस सिलिड नावाचा बारीक किडा पोसला जातो आणि तो किडा संत्र्या-लिंबांच्या बागा संपवणारा ग्रीनिंग रोग पसरवतो. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा या रोगाने अक्षरशः उजाड झाल्या. म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या क्वारंटाइन भागांतून कडिपत्त्याची रोपं, अगदी ताजी पानंसुद्धा, मनाला येईल तशी बाहेर नेता येत नाहीत. टँपाच्या मावशीकडून आणलेल्या झाडाची पिल्लं कुंड्यांत लावून मेरीलँडच्या चर्चला दिली, तर नियम मोडल्याचा ठपका चर्चच्या सेलवर येणार. कडिपत्ता द्यायचाच असेल तर परवानाधारक नर्सरीचा, पावतीसकट.

दुसरी गोष्ट माती. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेत घोकलं. पण अमेरिकेच्या ईशान्येतली जंगलं हिमयुगानंतर गांडुळांशिवायच वाढली, आणि आशियातून आलेली 'उड्या मारणारी' गांडुळं तिथला पालापाचोळ्याचा थर फस्त करून जमीन कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत करून टाकतात. त्यांचा नायनाट करणारा खात्रीचा उपाय नाही. बागेतून खणून काढलेल्या रोपाच्या मातीतून ती आणि त्यांच्या अंड्यांचे कोश दुसऱ्या बागेत जातात. म्हणून आता अनेक प्लँट सेलवाले सांगतात: मुळं धुऊन, माती झटकून, नव्या विकतच्या मातीत लावून आणा. आपण नेलेली कुंडी परत पाठवली तर अपमान वाटून घेऊ नका.

तुळस लोक हौसेने घेतात. 'होली बेसिल' असं लिहा, नाहीतर कोणीतरी ती पास्त्यात घालेल. घातली तरी बिघडत नाही म्हणा. मात्र ती थंडीला अगदी नाजूक. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये मदर्स डेच्या आधीच्या सेलला दिली, तर रात्री ती हॉलच्या आत घ्यायची जबाबदारीही स्वतःकडे घ्या.

लिलावात दिलेला शब्द, आणि करसवलतीचा गैरसमज

सायलेंट ऑक्शनला 'आठ जणांना पुरणपोळीचं जेवण' असं देणं छानच, आणि ते चढ्या भावाने जातंही. पण कागदावर तारीख लिहिलेली नसते. मग जिंकणारं कुटुंब फोन करतं ते तुम्ही भारतात जायच्या आदल्या आठवड्यात. किती जण, कोणाच्या घरी, कधीपर्यंत वापरायचं, कोणत्या तारखा नाहीत, पदार्थांत काय काय असतं, हे सगळं बोलीच्या कागदावरच असू द्या.

कराचं गणित साधं आहे, तरी दरवर्षी चुकतं. 150 डॉलर किमतीचं जेवण तुम्ही 200 ला घेतलं, तर दान फक्त 50. रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, तिकिटाला सवलत शून्य, कारण तो जुगार धरला जातो. पुरणपोळ्या लाटण्यात घालवलेल्या तुमच्या वेळेला आणि कौशल्यालाही सवलत नाही. सामानाचा खर्च दाखवता येतो. एका वेळी 250 डॉलर किंवा जास्त दिले असतील तर चर्चची लेखी पोच हवीच, नुसता चेकचा फोटो पुरत नाही. रमेज सेलला दिलेल्या कपड्यांची किंमत चर्च ठरवून देत नाही, ती तुम्ही रास्त लावायची, आणि कपडे चांगल्या स्थितीतले हवेत.

रॅफल किंवा न्यू जर्सीत ज्याला ट्रिकी ट्रे म्हणतात तो सोडतीचाच प्रकार 'आपणच भरवू' असा उत्साह आवरा. तिथे त्याला नगरपालिकेचा परवाना लागतो. युटा आणि हवाईत तर रॅफलला सरसकट बंदी आहे.

आणि एक फसवणूक. रेक्टरच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरूच्या, नावाने मेल किंवा मेसेज येतो: मी मीटिंगमध्ये आहे, एका आजारी माणसासाठी गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर पाठव. खरा रेक्टर हे कधीच मागत नाही. सेलच्या स्वयंसेवकांची यादी वेबसाइटवर आली की हे मेसेज सुरू होतात. उत्तर न देता चर्चच्या ऑफिसला फोन करा.

हॉल भाड्याने घेताना

विम्याचं प्रमाणपत्र मागतील, बहुधा 10 लाख डॉलरचं आणि त्यावर चर्चचं नाव टाकलेलं. ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळत नाही. समई, कापूर, उदबत्ती लावण्याआधी लेखी परवानगी घ्या. धुराच्या गजराने एकदा का फायर ब्रिगेड आली की पुढच्या वर्षी हॉल विसरा. रांगोळी फरशीवर थेट नको, पुठ्ठ्यावर काढा. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, बैठक असू शकते. ती कोणासाठीही हलवली जात नाही, तेव्हा तुमची आवराआवर वेळेत हवी.

दारूबद्दलही चर्चचे स्वतःचे संकेत आहेत: वाइन असली तर तितकंच चांगलं बिनदारूचं पेय शेजारी हवं, आणि जाहिरातीत वाइन हे आकर्षण म्हणून छापायचं नाही. मंडळाच्या फ्लायरवर ग्लासाचं चित्र टाकण्याआधी विचारा.

एग हंटला, म्हणजे ईस्टरची लपवलेली अंडी शोधायच्या खेळाला, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आणि मुलांच्या खेळांची जबाबदारी घ्यायची इच्छा असेल तर महिनाभर आधी कळवा. मुलांबरोबर काम करणाऱ्यांना 'सेफ चर्च' हे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि कितीही ओळख असली तरी ते टळत नाही. तेवढा वेळ नसेल तर सेलनंतर टेबलं घडी करायला थांबा. त्या कामाला माणसं नेहमीच कमी पडतात.