शबेलेकाठच्या सोमाली गावांना जाताय? या चुका टाळा

इथिओपियात शिकवायला येणाऱ्या भारतीयांची परंपरा सम्राट हैले सेलासींच्या काळापासूनची. आजही तिथल्या विद्यापीठांत आपली मराठी मंडळी भेटतात. लालिबेलाची दगडात कोरलेली चर्च झाली, सिमियनचे डोंगर झाले, की पुढच्या सुट्टीत कुणीतरी नकाशा उघडतं आणि आग्नेयेला वाबी शबेले नदीवर बोट ठेवतं: गोदे, कलाफो, मुस्ताहिल. देश इथिओपिया, पण माणसं, भाषा, जेवण, रीतभात सगळी सोमाली. या सोमाली प्रदेशाची राजधानी जिजिगा, तिथे शिकवत असताना आणि त्यानंतरही मी या गावांत जात राहिलो, आपल्याकडच्या अनेकांची तिथली सोय लावून दिली. त्यामुळे त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता लिहून काढणंच बरं. या गावांनी मला भरभरून दिलं आहे. आपला माणूस तिथून नाराज होऊन परत येतो आणि वर गावाला नावं ठेवतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

गाडी ‘अकराला’ सुटते म्हणजे कधी?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. इथिओपियात तासांची मोजणी मध्यरात्रीपासून होत नाही, दिवस उजाडल्यापासून होते, आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा एकपासून सुरू होते. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक, आपले दुपारचे बारा म्हणजे तिथले सहा. पहाटे पाचला ते रात्रीचे अकरा म्हणतात. सोमाली माणूसही बोलताना असंच मोजतो. विमानाच्या तिकिटावर मात्र आपल्या ओळखीची वेळ छापलेली असते, त्यामुळे राजधानी अदिस अबाबाहून गोदेला विमानाने उतरणाऱ्याला वाटतं की सगळं आपल्याच घड्याळाने चाललंय.

पुण्याकडचे दोन तरुण इंजिनिअर, अदिसला नोकरीला. त्यांना गोदेहून कलाफोला जायचं होतं. लँड क्रूझरवाल्याने सांगितलं, ‘उद्या अकराला निघू.’ आदल्या संध्याकाळीच त्याने दोघांच्या सॅक टपावर बांधून घेतल्या. मी तेव्हा गोदेतच होतो. वेळ नीट विचारून घ्या, असं त्यांना सांगितलंही होतं. दोघं सकाळी आरामात चहा-नाश्ता करून साडेदहाला चौकात हजर. गाडी पहाटे पाचलाच गेली होती, टपावरच्या सॅकसकट. त्यातल्या एकात पासपोर्ट होता.

इथवर ठीक आहे, असं होतं. खरी चूक पुढची. चौकातल्या चहावाल्या बाईने सांगितलं होतं, थांबा, गाडी उद्या परत येईल, सामान कुठे जात नाही. पण यांना दम नव्हता. त्यांनी तिप्पट पैसे मोजून एक लहान गाडी ठरवली. ड्रायव्हर कोण, गाडी कशी, त्याला रस्ता माहीत आहे का, काही विचारलं नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवरचं गोदे, भर दुपार, अंग भाजून काढणारं ऊन. गावापासून बऱ्याच अंतरावर मऊ वाळूत चाकं रुतली आणि क्लचही गेला. दोघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या. एका बाभळीच्या विरळ सावलीत त्यांनी ती दुपार काढली आणि अंधार पडता पडता एका ट्रकवाल्याने त्यांना परत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी लँड क्रूझर परतली. सॅक जशा बांधल्या होत्या तशाच चहाच्या दुकानात ठेवलेल्या. पासपोर्टाला कुणी हात लावला नव्हता.

घाई हाच तिथला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे, हे माझं ठाम मत त्या प्रसंगाने आणखी पक्कं केलं. माझी सवय साधी आहे. मी आकडा विचारतच नाही. नमाजाच्या वेळेने विचारतो: सुभीच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर की आधी? दुहुरच्या, म्हणजे दुपारच्या आधी पोहोचू का? असरला, म्हणजे उतरत्या दुपारी परत येऊ का? त्यात गोंधळाला जागा राहत नाही. शिवाय ड्रायव्हरला विचारतो, तेव्हा सूर्य कुठे असेल? तो हात वर करून आकाशात दाखवतो. पहाट असेल तर हात पूर्वेला, जमिनीलगत. तो हात पाहिला की मी निश्चिंत झोपतो. आणि पासपोर्ट, पैसे, पाणी कधीही टपावर देत नाही.

तारखांचंही असंच. सरकारी कागदांवर इथिओपियन पंचांगाची तारीख असते. ते आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यात तेरा महिने असतात. परवानगीच्या पत्रावर जुनं साल दिसलं म्हणून कारकुनाशी वाद घालू नका.

आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी शांत आहे असं नसतं

भीमेचं उदाहरण दिलं की मराठी माणसाला हे लगेच कळतं. पंढरपुरात ऊन पडलेलं असतं आणि वर घाटमाथ्यावरच्या पावसाने धरणांतून पाणी सुटलं की चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं. शबेलेचंही तसंच आहे. नदी उगम पावते ती बाले आणि अर्सीच्या उंच मुलखात. गोदे-कलाफोच्या रखरखीत प्रदेशात पाऊस थोडाच, आणि तोही मुख्यतः दोन हंगामांत: एप्रिलच्या सुमारास सुरू होणारा ‘गू’ आणि ऑक्टोबरच्या आसपासचा ‘देयर’. मधले जुलै ते सप्टेंबर इथे कोरडे. पण नेमके तेच महिने वरच्या डोंगराळ भागात भर पावसाळ्याचे. म्हणजे गावात धूळ उडत असताना नदी फुगलेली असू शकते. आणि डोंगरात व खाली दोन्हीकडे जोराचा पाऊस झाला तर विचारायलाच नको. 2023 च्या नोव्हेंबरात कलाफो आणि मुस्ताहिलचा परिसर पुराने वेढला गेला होता.

हे सगळं सांगूनही ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींचा एक गट कलाफोच्या खाली नदीपात्रातल्या वाळूवर तंबू ठोकून राहिला. जागा सुंदर होती, यात शंका नाही. संध्याकाळी गावातला एक म्हातारा काठी टेकत आला आणि हातवारे करून वर या, वर या म्हणाला. यांना वाटलं पैसे मागतोय. एकाने नोट पुढे केली. म्हाताऱ्याने ती घेतली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून निघून गेला. तासाभराने काटकीचं टोक तेवढं दिसत होतं. तेव्हाही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मध्यरात्रीनंतर पाणी तंबूत शिरलं. बूट, स्टोव्ह, कॅमेरा सगळं गेलं. माणसं वाचली, कारण तोच म्हातारा दोन पोरांना आणि टॉर्च घेऊन काठावर जागा होता. त्यांनी अंधारात हात धरून एकेकाला वर काढलं. नंतर गटातल्या एकाने ‘गावकऱ्यांनी नीट सावध केलं नाही’ असं लिहिलं, हे मला अजून सहन होत नाही. तिथल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘ओदय’ म्हणतात. ओदय स्वतः चालत येऊन काही सांगतोय, म्हणजे हातातलं सोडून ऐकायचं.

नदीचा अंदाज घ्यायला मी अॅप उघडत नाही. काठावरचे डिझेल पंप बघतो. शेतकरी मका, तीळ, कांदा, केळी भिजवायला पंप पाण्याच्या कडेला लावतात. वरच्या गावातून फोन आला की पंप दरडीवर चढवतात, कारण पंप गेला तर हंगाम गेला. पंप खाली आहेत, शेतकरी निवांत आहे, तर मीही निवांत. पंप वर नेलेले दिसले की त्या दिवशी काठावर जायचं नाही आणि नदीला लागून जाणारा रस्ताही धरायचा नाही.

मगरींबद्दल दोनच वाक्यं. आहेत, खरोखरच आहेत, आणि गढूळ पाण्यात दिसत नाहीत. ज्या पाणवठ्यावर बायका आणि गाढवांच्या गाड्या पाणी भरतात तिथेच उतरा, तेही उजेडी, आणि पोहायचा विचार मनातून काढून टाका.

पुलाचा फोटो

गोदेचा पूल, पोलिसांची चौकी, लष्कराची गाडी, विमानतळ: यांचे फोटो काढायचे नाहीत. 1977 मध्ये सोमालियाच्या फौजांनी गोदे घेतलं होतं, त्यानंतरही या मुलखाने दशकानुदशकं बंडखोरी आणि बंदोबस्त पाहिला आहे. पुलाकडे तिथे कुणी निसर्गदृश्य म्हणून बघत नाही. ‘मी फक्त नदीचा काढत होतो’ हे उत्तर मी इतक्या जणांना देताना ऐकलंय, आणि ते कधीही चाललेलं नाही. चौकीत बसून फोनमधले फोटो एकेक करून दाखवण्यात सगळी दुपार जाते.

माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मी पहिल्या दिवशी फोन खिशातच ठेवतो. आधी जिजिगाहून आणलेलं परवानगीचं पत्र घेऊन गावच्या कार्यालयात जायचं, नाव सांगायचं, कुठे उतरलोय ते सांगायचं. मग चहा. वेलची-दालचिनीचा, भरपूर साखरेचा. ‘इस्का वरान’ म्हणत समोरच्याची, घरच्यांची, गुराढोरांची, पावसाची विचारपूस होते. ती पूर्ण होऊ द्या. उभ्या उभ्या कामाचं बोलणारा माणूस तिथे उद्धट ठरतो. एवढं केलं की दुसऱ्या दिवशी लोकच हाक मारून फोटो काढायला सांगतात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कुणालाही ‘तुमचं कुळ कोणतं’ विचारू नका. वाचून आलेल्यांना हा प्रश्न विचारायची फार हौस असते. त्या प्रश्नाच्या मागे जुनी भांडणं, जमिनीचे वाद आणि मरणं आहेत. शिवाय सगळे सोमाली उंटवाले, हा समज घरीच सोडून या. कलाफो-मुस्ताहिलच्या काठावर ‘रेर बरे’ लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. पशुपालकांच्या समाजात त्यांना कमी लेखलं गेलं आहे, त्यामुळे आपल्या चौकश्या त्यांना जास्त टोचतात.

सरकारी काम दुपारनंतर काढू नका. दुपारी ‘खात’ नावाचा उत्तेजक पाला चघळण्याच्या बैठका बसतात आणि कार्यालयं ओस पडतात. शुक्रवारी तर काही ठरवूच नका. आणि खातची जुडी गंमत म्हणून भारतात आणू नका. त्यातलं कॅथिनोन आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

शाकाहारी मंडळी उपाशी राहतात ती संकोचामुळे. सकाळी कंजीरो (आंबवलेल्या पिठाचा धिरड्यासारखा प्रकार) तीळतेल-साखरेबरोबर मिळतो, संध्याकाळी ‘अंबूलो’ मागा: मंद आचेवर शिजवलेल्या बारीक लाल घेवड्यासारख्या दाण्यांवर तीळतेल आणि साखर. भातासोबत केळं देतात, ते बाजूला ठेवायचं नसतं, घासाबरोबर खायचं असतं. एका ताटात सगळे जेवतात. उजव्या हाताने, आपल्या समोरच्या बाजूचं. बकऱ्याचा रस्सा नको असेल तर आधीच सांगा. ताट आल्यावर तोंड वाकडं केलेलं यजमानाला लागतं.

हाफ पँट नको. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. परक्या स्त्री-पुरुषांत हस्तांदोलन करायचं नाही, हात छातीवर ठेवून मान लववली की झालं.

रोख बिर (इथिओपियाचं चलन) अदिस किंवा जिजिगातूनच न्या, लहान नोटांत. परदेशी कार्डावर विसंबून आलेला माणूस शेवटी माझ्याकडेच उसने मागतो.

नदीचं पाणी गाळलं म्हणजे शुद्ध झालं नाही. उकळा. मच्छरदाणी स्वतःची न्या. मलेरिया आहेच, गोदेत डेंग्यूच्याही साथी येऊन गेल्या आहेत, त्यामुळे दिवसाही अंगभर कपडे घाला.

‘इथवर आलोच आहोत तर नदीकाठाने पुढे सोमालियातल्या बेलेदवेनपर्यंत जाऊन येऊ.’ नाही. मुस्ताहिलच्या पुढे सीमा आहे आणि पलीकडे सोमालियातलं युद्ध चालू आहे. 2022 च्या जुलैमध्ये सोमालियातल्या अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेचे शेकडो लढवय्ये सीमा ओलांडून इथिओपियात घुसले होते. मुस्ताहिललाही मी त्या आठवड्याची परिस्थिती जिजिगात आणि गोदेत, दोन्हीकडे विचारल्याशिवाय जात नाही, आणि एकाही ठिकाणी कुणी ‘नको’ म्हटलं तर कलाफोवरूनच परत फिरतो. जास्त पैसे दिले की नेतो म्हणणारा ड्रायव्हर भेटतोच. त्याच्या गाडीत बसू नका.

आणि पिवळ्या तापाची लस. इथिओपियाहून भारतात उतरताना तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही सरकारमान्य केंद्रातच. तिचं ते पिवळं कार्ड मी पासपोर्टाच्या कव्हरातच ठेवतो. फोनमध्ये फोटो आहे म्हणून मूळ कार्ड घरी ठेवणाऱ्यांनी तेही सोबत घ्यावं.