पाळणाघराची फी ठरवताना

पाळणाघर मुलं कमी म्हणूनच नाही, फी चुकीची काढल्यामुळेही बुडू शकतं. समजा महिन्याचं भाडं १५,००० रुपये, दोन ताईंचा पगार २२,०००, तुमचा स्वतःचा १२,००० (हा आधी धरा, उरलं तर घेऊ असं नको), वीज, पाणी, खाऊ, फिनाईल मिळून ११,०००. एकूण ६०,०००. जागा २० म्हणून ३,००० फी ठेवली, की तिथेच घसरलात. वर्षभर सरासरी १६ मुलं टिकतात आणि मे महिन्यात पालक गावी गेले की फी येत नाही. म्हणून वर्षाच्या खर्चाला, म्हणजे ७,२०,००० ला १६ गुणिले ११, म्हणजे १७६ ने भागा. फी येते साधारण ४,१००. तीन हजारांत वर्षाला १,९२,००० चा खड्डा पडला असता.

फी महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आगाऊ. एक महिन्याची अनामत घ्या आणि सोडताना महिनाभर आधी कळवण्याची अट प्रवेशअर्जावरच छापा. मुलाला रडत घेऊन उभ्या असलेल्या आईकडे थकबाकी मागणं कुणालाच जमत नाही, जमूही नये.

कागद थोडे आहेत. महाराष्ट्रात असे मोजकेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. भाडेकरारात ‘पाळणाघरासाठी’ हे शब्द हवेतच. नाहीतर पाळणाघर बंद पडायला सोसायटीची एक तक्रार पुरते.

जवळच्या कंपन्यांनाही भेटा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय बंधनकारक आहे.