इंजिनिअरिंगला असताना गेमिंगचं व्यसन कसं सोडवायचं

कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की जीएफएम, म्हणजे वर्गाचा पालक-शिक्षक, म्हणून मला पालकांचे फोन सुरू होतात. "सर, मोबाईल काढूनच घेतो त्याचा." घेऊ नका. मेसचे पैसे, परीक्षा फॉर्मचा ओटीपी, वर्गाचा ग्रुप, सगळं त्याच फोनवर असतं. आठवड्याच्या आत तो परत द्यावाच लागतो, आणि तोवर पोरगा रूममेटच्या फोनवर खेळून घेतो. तेव्हा हे पालकांसाठी नाही. बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा ढीग साचलाय, ईयर डाऊन (वर्ष वाया जाणं) समोर दिसतंय आणि तरी रात्री दहाला गेमच्या लॉबीत, मॅचची वाट बघत बसलेले असता, त्या तुमच्यासाठी आहे.

आधी एवढं तपासा की हे व्यसन आहे की नुसती मजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथे तास मोजत नाहीत. खेळणं हाताबाहेर गेलंय का, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे येतो का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, एवढं बघतात. पेपर संपल्यावर दोन रात्री जागून खेळणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणू नये. पहाटे चारपर्यंत रँक वाढवत बसला, सेमिस्टरमधल्या इन-सेम परीक्षेला उठलाच नाही आणि त्याच रात्री परत ऑनलाईन दिसला, त्याने पुढे वाचावं.

दिवस ठरवा

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागल्यावर सोडू, असं सगळेच म्हणतात. पीएलमध्ये ना लेक्चर, ना प्रॅक्टिकल, दिवस मोकळा. सोडायला त्याहून वाईट वेळ नाही. कॉलेज नीट चालू असताना, गेमचा सीझन संपतो त्या आठवड्यात सोडा. नव्या सीझनला रँक तसाही खाली येतो, त्यामुळे "एवढं कमावलेलं कसं सोडू" ही कुरकुर कमी होते.

गेम काढा

फोनमधून, लॅपटॉपमधून, आणि सोय असेल तर खातंही कायमचं बंद करायची विनंती टाका. यूसीवर (गेममधलं चलन), स्किनवर (कपडे-बंदुकांची सजावट) घातलेले पैसे गेले समजा. आयडी विकायच्या भानगडीत पडू नका; नियमात बसत नाही आणि फसवणारे टपलेलेच असतात. स्ट्रीमर्सची चॅनेलंही अनसबस्क्राइब करा.

झालं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि इंटरनेटवरचे निम्मे सल्ले इथेच संपतात. उरलेले म्हणतात टायमर लावा, रोज एक तासच खेळा. हे लिहिणाऱ्यांनी कधी रँक्ड मॅच खेळलेली नसावी. व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या गेममध्ये तेरा राउंड जिंकेपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं सहज जातात, रँक्ड मॅच वाटेल तेव्हा थांबवता येत नाही, मधेच उठलात तर पेनल्टी आणि टीममधल्या उरलेल्या चौघांच्या शिव्या. तासाचा टायमर दुसऱ्या मॅचच्या मध्यात वाजतो. तो कोण ऐकणार?

स्क्वाड सोडा: खरी अडचण इथे आहे

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. म्हणजे तुम्ही आत्ता जे केलंत ते सरकारने सगळ्या देशाच्या वतीने करून टाकलं. व्यसन गेलं का? कोणी कॉल ऑफ ड्यूटीवर गेलं, कोणी फ्री फायरवर, आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार आला तेव्हा तेच चौघे परत एका लॉबीत. गेम बदलत राहिला, स्क्वाड, म्हणजे सोबत खेळणारी चौघांची टीम, तोच राहिला. तुम्हाला दहा वाजता जो ओढतो तो ग्राफिक्सचा खेळ नाही, "कुठंयस रे, तिघंच आहोत" हा फोन आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मुलं सहसा बोलून दाखवत नाहीत. गणिताचा एम-थ्री दोनदा राहिलाय, प्रॅक्टिकलला ग्रुपमध्ये कोणी विचारत नाही, पण गेममध्ये हाच आयजीएल, टीमचा म्होरक्या. हा म्हणेल तिथे उतरायचं, हा म्हणेल तेव्हा रश करायचा. दिवसभरात कोणी आपलं ऐकतं अशी ती एकच जागा असते. ती सोडायला सांगताना "मन दुसरीकडे वळव" म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

तर हे असं करा. स्क्वाडला दुपारीच सांगा, समोर असतील तर चहाच्या टपरीवर, नाहीतर फोन करून. मेसेज नको, रात्री लॉबीत जाऊन तर मुळीच नको. वाक्य एकच: "या सेमला मी खेळणार नाही, माझ्या जागी चौथा बघितलाय." "थोडा ब्रेक घेतोय" म्हणालात की मेलात. ब्रेक म्हटलं की रोज विचारणा होते, संपला का ब्रेक. भाषण देऊ नका, तुम्हीही सोडा म्हणून सांगू नका. मग ते तुम्हाला परत आणायच्या ईर्ष्येला पेटतात.

आणि तो चौथा भिडू खरोखर तुम्हीच शोधून द्या. तिघांचा स्क्वाड रोज रात्री हाक मारतो, चौघे पूर्ण झाले की मारत नाही. एवढं साधं आहे, पण मी कुठल्याच सल्ल्यात वाचलेलं नाही. दुसऱ्याला खड्ड्यात ढकलतोय असं वाटत असेल, तर आधीपासून अनोळखी रँडमसोबत खेळणारा, चांगली टीम शोधणारा एखादा निवडा. प्रत्येक मजल्यावर असतोच. त्याची ओळख करून द्या, आणि त्याच दिवशी डिस्कॉर्ड सर्व्हर आणि व्हॉट्सॲप ग्रुप दोन्ही सोडा. म्यूट करून भागत नाही. म्यूट केलेला ग्रुप माणूस जास्त वेळा उघडून बघतो.

मग जे होतं त्याची तयारी ठेवा. दोन-तीन दिवसांत फोन यायचे थांबतात, आणि तेच लागतं. आपल्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, हे पचत नाही. बहुतेक जण परत जातात ते याच आठवड्यात, आणि मला सांगतात की तलफ आली. तलफ कसली, जागा गेल्याचं दुःख असतं ते. ओसरतं, पण दहा ते एक या वेळात खोलीत बसून ओसरत नाही.

आमच्या वेळी हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर-स्ट्राइक चालायचं. पीसीवरून काढून टाकलं तरी भिंतीपलीकडून "बॉम्ब बी वर, बॉम्ब बी वर" ऐकू आलं की पाय आपोआप शेजारच्या खोलीकडे वळायचे. मला सगळ्यात जास्त झुंजावं लागलं ते या भिंतीशी. आता आवाज "रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे" असा येतो, भिंत तीच. कानात इअरफोन घालून हे सोसू म्हणणारे फार टिकत नाहीत.

म्हणून दहाला खोलीतून उठायचं. पुण्यात असाल तर नशीबवान आहात: सदाशिव पेठ, नवी पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका आहेत, महिन्याचे पैसे भरायचे आणि रात्री उशिरापर्यंत बसायचं. कॉलेज लांब असेल तर जवळची शोधा, किंवा कॉलेजचा रीडिंग हॉल. फोन खोलीवर चार्जिंगला. तिथे अभ्यास झालाच पाहिजे असा हट्ट नको. जर्नल उतरवा, असाइनमेंट लिहा, हात चालू राहिले की पुरे. शेजारी एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेचा अभ्यास करणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस मान खाली घालून बसलेला असतो, त्याच्या बाजूला बसून पेंगायलाही लाज वाटते. ती लाज कामाची आहे. रूममेटच स्क्वाडमध्ये असेल तर रेक्टरकडे खोली बदलण्याचा अर्ज करा, संकोच करू नका.

ऑनलाईन बुद्धिबळ सुरू करू नका. हसू नका, तीन मिनिटांच्या ब्लिट्झवर पहाट करणारी मुलं मी पाहिली आहेत. तिथेही रेटिंग असतंच.

एक विषय काढा

सगळे बॅकलॉग एकदम नकोत. सुटायला सगळ्यात सोपा एक निवडा, त्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना भेटा, सबमिशनची सही मिळवा. गेमने जे रोज दिलं, म्हणजे आज काहीतरी जिंकलो, ते इथे आठवड्यातून एकदा मिळालं तरी चालतं. एम-थ्री नंतर.

डॉक्टर कधी

झोप पूर्ण उडालीय, जेवण टळतंय, खेळायला उधारी झालीय, किंवा खेळ बंद केल्यावर जगण्यातच राम वाटत नाही, तर वरचं काहीही करत बसू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बऱ्याचदा खाली नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) दडलेलं असतं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाचंच काम आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत याच तक्रारींसाठी २०१४ पासून वेगळं 'शट' क्लिनिक आहे. पैसे लावून खेळायच्या ॲप्समध्ये अडकला असाल तर ते प्रकरण निराळं. २०२५ च्या कायद्याने अशा खेळांवर बंदी आली आहे. झालेलं कर्ज घरी आजच सांगा, पुढच्या महिन्यात ते वाढलेलं असतं.

एखाद्या रात्री खेळलात तर

खेळलात. दुसऱ्या दिवशी दहाला अभ्यासिकेत. आपण किती दिवस 'क्लीन' होतो याचा आकडा स्टेटसला लावायची पद्धत मला पटत नाही. आकडा मोडला की पोरं सगळंच सोडून देतात.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र सांभाळा. गावी अभ्यासिका नसते, दुपारी सगळे झोपलेले असतात आणि चुलत भावाच्या फोनवर गेम तयार असतो. सुट्टी चार दिवसांनी कमी करा आणि बॅकलॉगच्या फॉर्मचं कारण सांगून लवकर परत या.