लेकरं किती गेली, हे मोजायचं कसं

घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजायच्या कामावर नव्या मुली आल्या की मी आधी एकच गोष्ट बजावते. दारात उभं राहून "तुमच्याकडं लेकरू गेलं का?" असं विचारायचं नाही. "नाही" म्हणतात आणि विषय संपतो. मरणाचं नाही, जन्मांचं विचारा.

गडचिरोलीकडच्या गावात रोवण्याच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत सकाळी गेलात, तर घरी म्हातारी आणि कोंबड्याच भेटतात. दिवेलागणीला जा. माडिया बोलणारी गावातलीच बाई सोबत घ्या, पण जिला विचारायचं तिची सासू नको!

पहिल्या खेपेपासून सुरुवात करा. बाळंतपण कुठं झालं, ते लेकरू आता कुठं आहे, मग दुसरी खेप. दोन लेकरांत चार वर्षांचं अंतर दिसलं की पेन थांबवा. "मधे दिवस राहिले होते का?" नोंद नसलेलं बाळ बहुतेक इथंच सापडतं. तारीख आठवत नसेल तर पोळ्याआधी की नंतर, मोहफुलं वेचायच्या वेळी की धान कापताना, असं विचारा.

"मेलेलंच झालं" हे उत्तर तसंच लिहून घेऊ नका. रडलं होतं? श्वास घेतला? हातपाय हलवले? एकालाही हो आलं तर तो जिवंत जन्म, आणि मृत्यूही मोजायचा. पहिल्या दिवशीचे मृत्यू असेच वहीतून गळतात.

पहिलटकरीण माहेरी जाते. बाळ तिथं गेलं तर सासरच्या आशाताईच्या वहीत नाही, माहेरच्याही नाही. दोन्ही गावांच्या याद्या शेजारी ठेवून ताडा. नोंद एकदाच, आई नेहमी राहते त्या गावात.

बालमृत्युदर काढताना वर्षभरातले एक वर्षाखालचे मृत्यू भागिले जिवंत जन्म, गुणिले 1000. पण 20 जन्मांच्या गावात एक बाळ गेलं की दर 50 होतो, पुढच्या वर्षी शून्य. एका गावावरून कुणालाही शाबासकी देऊ नका, झापूही नका. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेनं घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली ती 39 गावांत, आणि तुलनेसाठी आणखी 47 गावांतही जन्म-मृत्यू मोजले. म्हणून तर नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या 28 दिवसांतला, 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 साली ठामपणे सांगता आलं.

निघताना, घरात कुणाचे दिवस भरत आलेत का तेवढं विचारा. पुढच्या फेरीत ते घर आधी.